अर्ज गेला, मुलगा मात्र वाढतोच आहे!

मुलाला लष्करी अधिकारी करावयाचे असा ज्या घराने पण केलेला असतो, त्या घरात अर्ज भरण्याचा दिवस हे एक लहानसे मंगलकार्यच असते. पूर्वी अर्जाचे जाडजूड पाकीट रजिस्टर करून टपालाने धाडीत. हल्ली तो संगणकावर भरतात. पण थाट तोच! दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवायचे, जन्मतारीख दोनदा मोठ्याने वाचायची, फोटोत डावा कान दिसतो की नाही यावर घरात दोन पक्ष पडायचे, आजीने देवापुढे निरांजन लावायचे आणि शेवटी वडिलांनी श्वास रोखून ते अखेरचे बटण दाबायचे. अर्ज गेला! घर सुटकेचा श्वास टाकते आणि चहाचे आधण चढते.

आणि नेमके त्यानंतरच्या दोन-चार महिन्यांत चिरंजीव काहीतरी पराक्रम करून येतात. कोणी खो-खोच्या संघाचा कप्तान होतो, कोणाला छात्रसेनेचे प्रमाणपत्र मिळते, कोणी वक्तृत्वाची ढाल बगलेत मारून घरी येतो. घरात आनंदीआनंद होतो. पण तो जेमतेम रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतो. पानावर बसता बसता कोणाला तरी आठवते, "अहो, पण हे अर्जात राहिलंच की! आता कळवायचं कुठं?"

हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्याकडे नेमाने येतो. मी काही लष्करातला माणूस नव्हे. पण मी साताऱ्यात राहतो, आणि साताऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशात सैनिक स्कूलच्या फाटकाची किल्ली असते, अशी सांगली, तासगाव, विटा इकडच्या आमच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. शिवाय माझा एक भाचा या सगळ्या दिव्यातून गेलेला. तेव्हा मामाला विचारले म्हणजे झाले! म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदाचे सविस्तर लिहून टाकावे म्हणतो.

थोरल्या-धाकट्या भावांचे वेड

या दोन जिल्ह्यांना गणवेशाचे वेड काही आजचे नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव लोकांच्या तोंडी 'अपशिंगे मिलिटरी' असेच आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. एवढ्याशा गावातून एवढी माणसे! तिथे पोराने सैन्यात जाणे ही बातमी नसते. न जाणे हीच बातमी.

देशातली पहिली सैनिक शाळा निघाली तीही साताऱ्यातच, २३ जून १९६१ रोजी. त्या वेळी कृष्ण मेनन देशाचे संरक्षणमंत्री होते आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. पुढल्याच वर्षी चिनी आक्रमण झाले आणि यशवंतराव स्वतःच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे. यशवंतराव १९१३ साली जन्मले तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणजे सांगली हा साताऱ्याचा वेगळे बिऱ्हाड केलेला धाकटा भाऊच म्हणायचा. कृष्णामाईने काही वाटणी मानली नाही. ती महाबळेश्वराहून निघते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि तशीच सांगलीच्या घाटाला येऊन लागते. या कृष्णा-कोयनेचा पुढे या हकिकतीत संबंध येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करावे, हा सैनिक शाळांचा मूळ हेतू. या प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसविली आणि जानेवारी १९५५ मध्ये ती खडकवासल्यास रीतसर सुरू झाली. तिकडे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. कोणी सहावीत किंवा नववीत सैनिक शाळेत जातो. कोणी दहावीनंतर राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, काढलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेत दोन वर्षे राहतो. आणि पुष्कळ मुले आपल्या गावच्या साध्या कॉलेजातून, सकाळी धावून आणि रात्री गणिते सोडवून, थेट परीक्षेला बसतात.

यातील पहिल्या वाटेबद्दल एक खुलासा येथेच करतो. सैनिक शाळेचा प्रवेश लेखी परीक्षेतील गुण आणि वैद्यकीय तपासणी यांवर होतो. तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या चित्रकला, नृत्य आणि श्लोकपाठांतराच्या प्रमाणपत्रांची चळत घेऊन फाटकाशी उभे राहण्याचे काही कारण नाही. ती प्रमाणपत्रे आजोळी दाखवावीत. तिथे त्यांचे चीज होते.

कोणत्या कागदात काय मागतात?

आता खडकवासल्याच्या वाटेवरचे कागद पाहू. बहुतेक आईबाप समजतात, की अर्ज एकच. प्रत्यक्षात टप्पे निराळे आणि कागदही निराळे.

पहिला अर्ज केंद्रीय लोकसेवा आयोगाचा. त्यात नाव, जन्मतारीख, शिक्षण, परीक्षेचे केंद्र, भूदल-नौदल-वायुदल यांपैकी आधी काय हवे तो पसंतीक्रम, असा मजकूर असतो. खेळ, छंद, वक्तृत्व यांचा हिशेब तिथे मागितलेला नसतो. कारण त्या अर्जावर फक्त लेखी परीक्षेला बसायचे असते. गणिताचे ३०० गुण आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६००, मिळून ९००. खो-खोच्या कप्तानाला गणितात अर्धा गुणही कोणी जास्त देत नाही. तेव्हा "अर्जात राहिलं" म्हणून ज्या घरात हळहळ चालते, तिथे मी पहिल्यांदा एवढेच सांगतो, की राहिले नाही. अजून कोणी विचारलेच नाही!

लेखी परीक्षेचा निकाल लागला, की दोन आठवड्यांच्या आत मुलाने सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे असते. हे काम दिसायला किरकोळ, पण चुकवू नये असे. पास झाल्याचे पेढे वाटण्यात दोन आठवडे कसे जातात ते कळत नाही. तसेच बारावीचे. मुलगा बारावीत शिकत असतानाही परीक्षेला बसू शकतो. पण पास झाल्याचा दाखला ठरल्या मुदतीत पुढे द्यावा लागतो. अर्ज गेल्यानंतर कळवायलाच हवी अशी खरी गोष्ट कोणती असेल, तर ही. ढालीचे राहिले तरी चालेल, गुणपत्रिकेचे राहून चालायचे नाही.

मग येते निवड मंडळाचे बोलावणे. मुलांच्या भाषेत एसएसबी. लेखी परीक्षेइतकेच, ९०० गुण येथे असतात. आणि इथे मुलाच्या हातात तो कागद पडतो, ज्याची आपण इतका वेळ वाट पाहत आहोत. त्याला पीआयक्यू म्हणतात; साध्या मराठीत स्वतःच्या माहितीचा तक्ता. गाव कोणते, त्याची वस्ती किती, जिल्ह्याचे ठाणे आहे की नाही, आईवडिलांचे शिक्षण व व्यवसाय, भावंडे, दहावीपासूनचे गुण, शाळेत वसतिगृहात होता की घरून जात होता, छात्रसेनेत होता का, कोणते खेळ किती दिवस खेळला, कोणाकडून खेळला, छंद कोणते, अभ्यासाबाहेरचे उपक्रम कोणते, जबाबदारीची पदे कोणती, यापूर्वी मंडळापुढे कधी आणि कुठे आला होता, असे सगळे रकाने त्यात असतात.

हा तक्ता मुलगा मंडळाच्या ठिकाणी बसून, स्वतःच्या हाताने भरतो. म्हणजे जानेवारीत धाडलेल्या अर्जानंतर सप्टेंबरपर्यंत त्याने जे जे केले, ते सगळे त्यात येऊ शकते. सरकारने अर्ज 'ताजा' करण्याची सोय केली आहे ती अशी! फक्त ती वडिलांच्या हातात नाही, मुलाच्या हातात आहे. वडिलांना हे कळले, की आधी त्यांना हायसे वाटते आणि मग जास्तच धडकी भरते.

सांगलीचा पूर आणि एक रकाना

माझ्या भाच्याचे घर सांगलीच्या गावभागात. २०१९ सालच्या आरंभी त्याने अर्ज भरला, एप्रिलात परीक्षा दिली आणि पास झाला. अर्ज भरताना त्याच्यापाशी सांगण्यासारखे फार नव्हते. घाटावर पोहायचा, बुद्धिबळ बरे खेळायचा, वर्गाचा सेक्रेटरी होता. दर सुट्टीत साताऱ्याला माझ्याकडे येऊन अजिंक्यताऱ्यावर धावत जायचा आणि परतल्यावर माझ्या वाटणीच्याही भाकऱ्या खायचा. एवढेच.

ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेने जे रूप दाखविले ते सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. माझी बहीण, दाजी आणि आजी यांना होडीतून बाहेर काढावे लागले. उंचावरच्या एका शाळेत निवारा केंद्र उघडले होते, तिथे ही मंडळी नऊ दिवस होती. भाचाही तिथेच.

पूर ओसरला, घरातला गाळ निघाला, आणि गणपतीनंतर निवड मंडळाचे पत्र आले. दाजी त्याला घेऊन साताऱ्याला आले, आणि रात्री माझ्या ओटीवर या रकान्याची बैठक बसली.

दाजींचे म्हणणे सरळ होते. "पुरात एवढं काम केलंस, लिही की! शंभर लोकांचे प्राण वाचवले, असं ठणकावून लिही. कोण मोजायला येतंय?"

भाचा म्हणाला, "बाबा, मी एकदाही होडीत चढलो नाही. आपल्याला काढलं तेवढीच होडी."

"मग काय केलंस नऊ दिवस?"

"वही लिहिली."

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. मग हळूहळू सगळे बाहेर आले. शाळेत शेकड्यांनी माणसे आलेली. कोणाचे कोण कुठे आहे, पत्ता नाही. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या पाण्यात गेलेल्या. या पोराने एक दोनशेपानी वही मागून घेतली आणि नावे लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. एकाच नावाच्या तीन आज्या निघाल्या आणि एकीची औषधे दुसरीकडे गेली. ती वेळीच लक्षात आली म्हणून बरे. तेव्हापासून त्याने नावांची यादी मोडली आणि खोलीवार यादी केली. खोली कोणती, गल्ली कोणती, बरोबर कोण, औषध काय, नातेवाइकाचा फोन कोणता. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खोलीत जाऊन ती ताजी करायची. पुढे डॉक्टर आले की आधी वही मागत.

आमच्या आजींचे म्हणणे आणखी तिसरेच. त्या सांगलीहून फोनवर म्हणाल्या, "केलेलं बोलून दाखवलं, की त्यातलं पुण्य जातं. काही लिहू नकोस." आणि चौथे मत एका ओळखीच्या गृहस्थांचे होते. त्यांच्या मंडळाच्या नावाने पूरसेवेचे झकास छापील प्रमाणपत्र द्यायला ते तयार होते. जोडीला मागल्या तारखेचे कबड्डीचेही! "लागलं तर असावं," असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, मध्यमवर्गीय घरातला हा खरा पेच आहे. आपल्याकडे दोन टोके असतात. एक टोक म्हणते, स्वतःविषयी बोलू नये. दुसरे म्हणते, बोलायचेच तर दहापट करून बोलावे. जे घडले ते, घडले तेवढे, सरळ सांगावे, याची सवय आपल्याला कोणी लावलेलीच नसते.

मी आजींना एवढेच म्हणालो, की पुण्य चारचौघांत मिरवणे निराळे आणि विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे निराळे. कोर्टात साक्षीदाराला विचारले, तू तिथे होतास का, तर तो विनयाने 'नव्हतो' म्हणत नाही. आजींना हे पटले. दाजींना पटायला मध्यरात्र झाली. त्या गृहस्थांची प्रमाणपत्रे भाच्याने स्वतःच नको म्हणून सांगितली.

त्याने तक्त्यात अखेर लिहिले ते असे : ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर, निवारा केंद्रात नऊ दिवस नोंदवही व औषधांची यादी ठेवली. बस्स. ना शिक्का, ना शंभर प्राण.

मनसा, वाचा, कर्मणा

या मंडळाची कार्यपद्धती थोडी समजून घेतली, म्हणजे ही एक ओळ पुरेशी का होती ते कळते. चाचणी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी चाळणी लागते. बुद्धीचे प्रश्न आणि एका अंधूक चित्रावरून गोष्ट रचून तिची गटात चर्चा. पुष्कळ मुले त्याच संध्याकाळी परतीची गाडी पकडतात. उरलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय परीक्षा. बारा चित्रांवर गोष्टी, त्यातले शेवटचे चित्र म्हणजे कोरा कागद. साठ शब्द, दर शब्दाला पंधरा सेकंद. अर्ध्या तासात साठ प्रसंग. आणि स्वतःचे वर्णन. आईवडील, शिक्षक, मित्र तुझ्याविषयी काय म्हणतात आणि तुला स्वतःला काय वाटते? त्यानंतर मैदानावरची गटकामे : फळ्या, दोर, पिंपे घेऊन ओढे-खंदक ओलांडायचे. मध्येच केव्हातरी मुलाखत. पाचव्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून प्रत्येक मुलाचा विचार करतात.

मानसशास्त्रज्ञ पाहतो ते मन, मुलाखत घेणारा ऐकतो ती वाणी, आणि मैदानावरचा अधिकारी पाहतो ती कृती. मनसा, वाचा, कर्मणा! हे शब्द त्या मंडळांतच वापरले जातात. तिघे आपापल्या जागी पंधरा गुण शोधतात. त्यांत तर्कशक्ती आहे, संघटन आहे, सहकार्य, जबाबदारी, पुढाकार, निर्णयाची चपळाई, निश्चय, धैर्य, दम हे सगळे आहे. तिघांना दिसणारा मुलगा एकच असला पाहिजे, ही यातली गोम. कागदावर सिंह आणि मैदानावर ससा, असा प्राणी तिथे फार वेळ टिकत नाही.

मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तो भरलेला तक्ता असतो. तो एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो : शाळा, गुण, आवडते शिक्षक, मित्र, खेळ, दिनक्रम, सगळे एकापाठोपाठ. मग एकेका रकान्यात शिरतो. भाच्याला त्याने विचारले, वहीत जास्तीत जास्त किती माणसे होती? खोलीवार यादी करावी हे कोणाला सुचले? तुझ्या हाताखाली कोण होते? आणि मग, यात तुझ्याकडून बिघडले काय? भाच्याने औषधांच्या अदलाबदलीचा किस्सा सांगितला. अधिकारी त्यावर दहा मिनिटे बोलत होता म्हणे. आता कल्पना करा, रकान्यात 'शंभर प्राण' असते आणि विचारले असते, की होडीला वल्ही किती होती?

आता पुढचे ऐका. पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे क्रमांक वाचले, त्यांत भाच्याचा नव्हता! ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण एक चांगला रकाना भरला की खडकवासल्याचे दार उघडते, असा या लेखाचा कोणी अर्थ घेऊ नये. मुलाखत चांगली झाली होती. पण गटचर्चेत तो गप्प बसून राहिला होता, असे त्याचे त्यालाच वाटले. वही लिहिणारा मुलगा, चारचौघांत तोंड उघडायला बिचकणारा. घरी आल्यावर चार दिवस रुसला, पाचव्या दिवशी कॉलेजच्या वादविवाद मंडळात नाव घालून आला. पुढे टाळेबंदी आली आणि सगळेच लांबले. त्या काळात त्याने गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या किराण्याची आणि औषधांची पाळी लावून दिली. या खेपेस दहा पोरांना कामाला लावून, वही दुसऱ्याच्या हातात देऊन. दुसऱ्यांदा मंडळापुढे गेला तेव्हा 'यापूर्वी आला होतास का' या रकान्यात त्याने तारीख-ठिकाणासह खरे ते लिहिले, आणि त्याखाली नवे उपक्रम. त्या वेळी त्याची निवड झाली. आज तो लेफ्टनंट आहे.

मुलांसाठी चार गोष्टी, पालकांसाठी दोन

या अनुभवानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी चार गोष्टी सांगतो.

पहिली : अर्ज गेला त्याच दिवशी एक वही घाला आणि दर महिन्याला त्यात लिहा. काय केले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, बरोबर किती जण, आपले काम नेमके कोणते, काय बिघडले. सहा महिन्यांनी परक्या गावी बसून आठवायला गेले, की कप्तानपदाचे साल चुकते, आणि चुकलेले साल खोट्यासारखे दिसते.

दुसरी : जे पुरे झालेले नाही ते पुरे झाले म्हणून लिहू नये. छात्रसेनेची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे, तर तसेच लिहावे. तालुक्याला खेळलो तर तालुक्याला. जिल्हा म्हणू नये.

तिसरी : छंद लिहाल तो पेलेल असाच लिहा. साताऱ्याचा मुलगा हमखास 'गिर्यारोहण' लिहितो आणि सांगलीचा 'पोहणे'. मग विचारणारा विचारतो, अजिंक्यताऱ्यावर मंगळाईचे मंदिर कोणत्या अंगाला? पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार जागतिक वारशात कोणत्या साली गेले? (२०१२.) पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्याला ओढ कोणत्या काठाला जास्त? 'वाचन' लिहिणाऱ्यांनी तर शेवटचे पुस्तक कोणते आणि ते का आवडले नाही, याचीही तयारी ठेवावी.

चौथी : रकाना भरण्यासाठी म्हणून काही करू नये. पंधरा दिवसांत गिटार, कराटे आणि वृक्षारोपण उरकलेली मुले मी पाहिली आहेत. झाडे बिचारी पुढच्या उन्हाळ्यात वाळली. पाच गोष्टी वरवर करण्यापेक्षा एकच गोष्ट वर्षभर केलेली बरी.

पालकांना दोनच गोष्टी. तक्ता भरताना तुम्ही तिथे नसणार, तेव्हा आतापासूनच त्याच्या वतीने बोलणे थांबवा. पाहुणे आले, की "आमचा बंड्या असा, आमचा बंड्या तसा" हे आपण सांगतो आणि बंड्या कोपऱ्यात बोटे मोडतो! त्याला सांगू द्या. आणि दुसरे, प्रमाणपत्र नसलेल्या कामालाही घरात किंमत द्या. आजारी आजोबांना महिनाभर दवाखान्यात नेणे-आणणे याची ढाल कोणी देत नाही. पण जबाबदारी म्हणतात ती हीच.

इतरत्र काय?

अमेरिकेत तर या गोष्टीची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या वेस्ट पॉइंटच्या, १८०२ साली निघालेल्या, सैनिकी विद्यालयात जायचे तर अर्जातच खेळ, कप्तानपदे, समाजकार्य यांचा तपशील द्यावा लागतो. शिवाय बहुतेकांना आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीची शिफारसही मिळवावी लागते. अर्ज गेल्यावर मुलगा संघाचा कप्तान झाला किंवा गुण वाढले, तर तसे प्रवेश कचेरीला कळवितात आणि ते त्याच्या फायलीत घालतात. आपल्याकडे शिफारस चालत नाही आणि फाइलही वाढवीत न्यावी लागत नाही. मुलगा स्वतःच हजर होऊन सांगतो. मला विचाराल तर आपली रीत बरी. कागद खेड्यातल्या पोरापेक्षा शहरातल्या पोरापाशी नेहमीच जास्त असतात. तोंड मात्र दोघांना एकेकच.

आणि हे सगळे आता फक्त मुलांपुरते राहिलेले नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना प्रबोधिनीच्या परीक्षेचे दार उघडले. २०२२ साली पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ मुली पदवीधर होऊन बाहेर पडल्या. सैनिक शाळांतही मुली जाऊ लागल्या आहेत. साताऱ्याला याचे नवल वाटू नये. साताऱ्याच्याच सैनिक स्कूलचे विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी नंतर निवड मंडळाची हीच पाच दिवसांची परीक्षा दिली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात अधिकारी झाल्या. त्या तक्त्याचे रकाने त्यांनी कोणत्या मनाने भरले असतील, याचा विचार केला, की आपल्या ढालींची आणि प्रमाणपत्रांची चर्चा फार लहान वाटू लागते.

या वयात सहा महिने म्हणजे थोडा काळ नव्हे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्याआधी वर्षभर तिचे नाव किती घरांना ठाऊक होते? सगळीच मुले जगज्जेती होत नाहीत. पण सगळीच वाढत असतात, आणि अर्जातला मुलगा हा फक्त त्या दिवसापुरता असतो.

आता पाडवा येईल. सांगलीच्या हळदपेठेत नव्या वह्यांची पूजा होईल. हळद-कुंकू वाहून व्यापारी पहिले पान उघडतील. ज्यांच्या घरी असा अर्ज गेलेला आहे किंवा जायचा आहे, त्यांनी त्या दिवशी मुलाला किंवा मुलीला एक साधी दोनशेपानी वही आणून द्यावी. आत काय लिहिले ते मात्र वाचायला मागू नये. हिशेब त्याचा आहे. तो त्यालाच ठेवू द्यावा.